नवा कंपायलर आणि विरजणाची वाटी

मंडळी, आज मी जरा जास्तच हुशारी केली.

माझ्या कॉम्प्युटरवरचं लिनक्स फार जुनं. माझ्या मित्राचं, अभयचंही तेच. त्यावर चालेल असा नवा कंपायलर, म्हणजे कोडपासून चालता प्रोग्राम तयार करणारं सॉफ्टवेअर, बनवून, आज संध्याकाळी त्याला तयार पॅकेजच आणून देतो, अशी फुशारकी मी मारून बसलो होतो.

सकाळी आधी साफसफाई म्हणून जुना कंपायलर उडवला. मग बिल्ड सुरू केलं, तर मशीन म्हणतंय, कंपायलरच सापडत नाही! नवा बनवायला जुना लागतो, हे मी सपशेल विसरलो. आणि इतका जुना आता नेटवरही मिळेना.

आई म्हणाली, "तोंड पाडून का बसलास रे?"

"विरजणच फेकून दिलं असं समज. आता दही कसं लावू?"

आई हळूच म्हणाली, "मी पण आज सगळं दही श्रीखंडाला टांगलं. चमचाभरसुद्धा नाही ठेवलं. अभयकडे जातोच आहेस, तर वाटी घेऊन जा."

टावर चौकाजवळ अभयच्या दारात उभा राहिलो. एका हातात त्याच्याकडचा जुना कंपायलर मागून न्यायला रिकामा पेनड्राइव्ह, दुसऱ्या हातात रिकामी वाटी.

वहिनी हसत म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही तर काहीतरी द्यायला येणार होतात ना?"

खरं सांगा, असं करणारे आणखी कोणी आहेत, की आम्ही मायलेकच?