किडनीचे तीन दिवस

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांइतका स्वतःच्या रक्तावर विश्वास ठेवणारा माणूस अख्ख्या वाशीत दुसरा नव्हता. कुणी देवावर विश्वास ठेवतं, कुणी शेअर बाजारावर. काकांनी तो सात पॉइंट चार या आकड्यावर ठेवला होता. निरोगी रक्ताचा पीएच साधारण तेवढा असतो, ही माहिती सोसायटीत नव्याने आलेल्या प्रत्येक बिऱ्हाडाला त्यांनी टेम्पोतून सामान उतरायच्या आत दिलेली असे.

काका रबाळ्याला रंगाच्या कारखान्यात केमिस्ट होते. कारखान्याचं आम्लाचं पाणी बाहेर सोडण्याआधी चुना घालून शांत करायचं, हे त्यांचं काम. "आम्हाला चार माणसं, दोन पंप आणि चुन्याच्या गोण्या लागतात, तरी मीटर नाचतो," ते म्हणत. "आणि हा देह बघा. दिवसभर आम्ल तयार करतो आणि दिवसभर ते निस्तरतो. ना चुना, ना ओव्हरटाइम!" हे सांगताना ते स्वतःच्या पोटाकडे इतक्या आदराने बघत, की समोरच्यालाही हात जोडावेसे वाटत.

त्यांचा सिद्धान्त साधा होता. रक्तात आम्ल वाढलं की फुप्फुसं मिनिटभरात कामाला लागतात, भराभर श्वास सोडून कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतात. ती तात्पुरती सोय. पक्का निकाल किडन्या लावतात, पण त्यांना दोन-तीन दिवस लागतात. इथवर कुठलाही डॉक्टर मान डोलावेल. काकांनी मात्र संसारही याच नियमाने चालवला. काकूंशी वाजलं की एक लांब उच्छ्वास आणि मग तीन दिवस मौन. "किडनीचं काम चालू आहे त्यांच्या," असं काकू भाजीवाल्यालासुद्धा बिनदिक्कत सांगत. सोसायटीच्या मीटिंगमध्ये फुटलेल्या टाकीवरून हमरीतुमरी झाली, तेव्हा काकांनी सगळ्यांना उभं करून एकदम श्वास सोडायला लावला आणि निर्णय तीन दिवस पुढे ढकलला. टाकी तोवर गळत राहिली.

हा नियम एकाच ठिकाणी अडला. काकांचे धाकटे भाऊ वाशीच्या घाऊक बाजारात कांद्याचे व्यापारी. राहायला नेरूळला. जेवण झालं की पेलाभर पाण्यात खायचा सोडा ढवळून पिणार आणि दणदणीत ढेकर देणार. काकांच्या मते, धडधाकट माणसाने वरून सोडा ओतणं म्हणजे देहावर अविश्वास दाखवणं. पुतणीच्या साखरपुड्याला, मुलाकडची मंडळी पंगतीत बसलेली असताना, त्यांनी भावाच्या पेल्यावर हात ठेवला आणि व्याख्यान सुरू केलं. भाऊ म्हणाले, "दादा, तुझं गटाराचं ज्ञान कारखान्यात ठेव." काका श्रीखंड टाकून उठले, आणि त्यांनी किती जोरात श्वास सोडला हे काकू पुढे कितीतरी दिवस करून दाखवत. त्या पुतणीचा मुलगा शाळेत जायला लागला, तरी दोघे भाऊ बोलत नव्हते. काकूंनी विषय काढला की काका म्हणत, "किडनीला वेळ द्या."

मग एका वर्षी काका जिन्यात थांबायला लागले. पुढे बसल्या जागीही त्यांना धाप लागू लागली. "आम्ल साचतंय. फुप्फुसं बिचारी एकटी किल्ला लढवतायत," त्यांनी मला समजावलं, जसं काही ते शेजाऱ्याबद्दल बोलत होते. त्यांचं निदान बरोबर निघालं. डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही किडन्या जवळजवळ थकल्या आहेत. काकू आणि मी त्यांच्यासोबत गेलो होतो. औषधाच्या दुकानाबाहेर काकांनी चष्मा कपाळावर चढवून गोळ्यांची पट्टी डोळ्यांजवळ नेली आणि बराच वेळ वाचली.

"सोडियम बायकार्बोनेट," ते म्हणाले. "हा तर सोडा."

"खायचाच," काकू म्हणाल्या.

काकांनी रिक्षा थांबवली आणि रिक्षावाल्याला सांगितलं, "नेरूळ."

काकू गडबडल्या. "अहो, आज? तीन दिवस थांबायचं नाही का?"

"ज्यांच्या भरवशावर थांबत होतो, त्याच थकल्या," काका म्हणाले.

भावाने बनियनवरच दार उघडलं. काका इतके धापा टाकत होते, की पहिलं वाक्य निघायलाच वेळ लागला. "सोडा घ्यायचाय. पेलाभर पाणी दे."

भावाचा चेहरा ताठ झाला. इतक्या वर्षांनी येऊन हा टोमणाच मारतोय, असं त्यांना वाटलं असणार. काकांनी पट्टी पुढे केली. भावाने ती वाचली, मग काकांच्या सुजलेल्या पायांकडे पाहिलं. एरवी ज्यांचा आवाज बाजारातले पाच गाळे ऐकत, ते अगदी हळू म्हणाले, "दादा, आधी आत ये. बस." पाणी त्यांनी इतक्या घाईने आणलं, की निम्मं वाटेतच सांडलं.

त्यानंतर काका वर्षभर होते. भाऊ बाजारातून परस्पर यायचे, जेवून दोघे आपापला सोडा घ्यायचे, आणि ढेकर फक्त धाकट्यालाच यायची. काका म्हणायचे, "याच्यात गुणच नाही, नुसता आवाज आहे." भाऊ खूश व्हायचे. त्या वर्षभरात मी काकांना कुणाशीही तीन दिवस अबोला धरताना पाहिलं नाही. खालून त्यांचं हसणं ऐकू आलं की मला फार बरं वाटायचं.

काकांच्या तेराव्याला भाऊ माझ्याशेजारी बसले होते. समोर पेला होता, सोडा तळाशी तसाच होता, ढवळायचं राहून गेलं होतं.

"तुमी तर त्याच्याकडून रोज ऐकायचात ना," ते म्हणाले. "फुप्फुसाला मिनिट लागतं आणि किडनीला तीन दिवस, हे खरं आहे?"

"हो, खरं आहे."

"म्हणजे जास्तीत जास्त तीनच दिवस."

"हो."

"मग इतकी वर्षं आमी कशाची वाट बघत होतो?"

मी चमचा घेतला आणि त्यांचा सोडा ढवळून दिला.