शालनचं बिनदाराचं घर

शालन गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिच्याकडेच जायला बेगडेवाडी स्टेशनवर उतरले होते. फोन दिनेशचा. परंदवडीचा दिनेश कंपनीत मशीनवर असतो आणि सुटीच्या दिवशी शालनच्या संग्रहालयासाठी राबायचा. "ताई, मॅडम गेल्या... झोपेतच," तो म्हणाला. "आन् लोकं म्हणत्यात, ते घर फोडून टाका." मैत्रीण गेल्याचं दुःख आणि असला संताप एकदमच वाट्याला यावा, हे मला अजूनही सहन होत नाही.

शालनला हृदयाचा त्रास होता. गोळ्या ती कंपासपेटीत ठेवायची आणि कंपासपेटी कुठेतरी विसरायची. डॉक्टरांनी दगदग करू नका म्हणून बजावलं होतं, आणि ही बाई पुण्यातली चांगली नोकरी सोडून परंदवडीजवळच्या बंद पडलेल्या भातगिरणीत स्वतःचं संग्रहालय थाटून बसली होती. कुंभारणी, वेल्डर, कॉम्प्युटर शिकणारी कॉलेजची पोरं, सगळ्यांचा तिथे राबता. "तुझ्याकडे वस्तू कमी आणि माणसंच जास्त," मी म्हणायचे. "बरंच आहे की, पुसायला कमी," ती म्हणायची. चहा मात्र ती भयंकर करायची.

गेल्या वर्षी तिने या सगळ्यांना एकाच कामाला जुंपलं. धरणात गेलेल्या एका गावाची मातीची प्रतिकृती करायची. तिथून उठून नव्या गावठाणात वसलेल्या प्रत्येक कुटुंबाने आपलं घर मातीचं करून आणायचं, कुंभारांनी ते भाजायचं, दिनेशने काचेची टाकी आणि पंप बसवायचा. बटण दाबलं की टाकीत पाणी चढणार, गाव बुडणार, मग पाणी ओसरणार. मला हे ऐकूनच कसंतरी झालं होतं. पण माणसं हौसेने आली. कुणी पडवी केली, कुणी दारातली तुळस, एकाने तर घराएवढी म्हैस केली. घरं मांडून झाली तेव्हा ओढ्याकाठची एक जागा तेवढी रिकामी राहिली. "तितं काय नव्हतं," एक मावशी म्हणाली. बाकीच्यांनीही तेच सांगितलं, जरा घाईघाईनेच.

उन्हाळ्यात धरण आटलं. लोणावळ्याचा रोहन एरवी कड्यांवर उभ्या राहिलेल्या नवरा-नवरींचे व्हिडिओ काढतो. त्याने ड्रोन उडवून गाळात उघड्या पडलेल्या जोत्यांचे फोटो आणले. शालनने ते प्रतिकृतीशी ताडून पाहिले. सगळी घरं जागच्या जागी बसली. रिकाम्या जागेवर मात्र एक जोतं होतं, चांगलं रेखीव.

त्या दिवशी मी तिथेच होते. गावातले सगळ्यात म्हातारे तुकाराम आबा फोटोकडे नुसते बघत राहिले. "ताई, समदं करा. पर त्या घराचं नाव काढू नका. वंगाळ व्हईल." तिथे कोण राहायचं, असं शालनने विचारलं. "काशीआजी. एकलीच व्हती," म्हणाले आणि उठून गेले. त्यानंतर पंप दोनदा जळला. दिनेश तसा असलं काही न मानणारा, पण त्यानेही टाकीपुढे नारळ फोडला. मी चिडले. शालन चिडली नाही. तिने माती मळली आणि काशीआजीचं घर करायला बसली. "दार कुठल्या बाजूला होतं ते कुणीतरी सांगेल. तोवर भाजायचं नाही," म्हणाली. मग ते बिनदाराचं घर ओल्या फडक्यात गुंडाळून तिने फडताळात ठेवलं. मला ते बघवायचं नाही. चारही बाजूंनी बंद, आत कुणीतरी असल्यासारखं... मी तिला तसं म्हटलंही. तिने फक्त फडक्यावर पाणी शिंपडलं. त्याच आठवड्यात ती गेली.

गावाचा निरोप स्पष्ट होता. ते घर फोडा, नाहीतर आम्ही आमची घरं परत नेतो. म्हणजे शालनची सगळी मेहनत मातीत. आणि घर फोडावं, तर ती त्या घरापायीच गेली असं मीच कबूल केल्यासारखं. रडायला सवड मिळेना, इतका मला राग आला होता.

तेराव्यानंतर मी गिरणी उघडली. फडकं ओलंच होतं; दिनेश कुणाला न सांगता रोज पाणी शिंपडत होता. थोड्या वेळाने आबा आले. "फोडायचं तर तुम्हीच फोडा, माझा हात धजणार नाही," मी तोडूनच बोलले. आबांनी घर हातात घेतलं. चारही भिंतींवरून अंगठा फिरवला.

"दार ओढ्याच्या अंगाला व्हतं," ते म्हणाले. "कडी म्या घातली."

त्या वर्षी पाणी अंदाजाच्या आधीच चढायला लागलं होतं. गाव सोडताना शेवटच्या माणसाने प्रत्येक दाराला बाहेरून कडी घालायची आणि आत डोकवायचं नाही, डोकावलं तर घर पाठीशी लागतं, अशी त्यांच्याकडची रीत. ते काम तेव्हाच्या तरण्या तुकारामाकडे आलं. "जो तो म्हणं, आजी दुसऱ्याच्या गाडीत हाय. मलाबी तसंच वाटलं. नव्या जागी समदी जेवाया बसली, तवा कळलं... कुनाच्याच गाडीत न्हाई. पळत गेलतो. तवर पाणी छपरावर आलतं."

दिनेश भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. हे ऐकायला शालन हवी होती, एवढंच माझ्या मनात येत राहिलं. आबांनी नखाने ओल्या मातीत दार कोरलं, आरपार, उघडं. "आता भाजा," म्हणाले. "ताईंना कुनी बोल लावायचा न्हाई. मी सांगतो समद्यास्नी."

संग्रहालय गेल्या महिन्यात लोकांसाठी खुलं झालं. घर भाजून निघालं तरी भिंतींवर शालनच्या बोटांचे ठसे तसेच आहेत, आणि गेले की मी आधी तेच बघते. मग कुणीतरी बटण दाबतं. पाणी ओढ्याकडून चढत येतं आणि सगळ्यात आधी त्या उघड्या दारातून आत शिरतं.