पपईला ब्लँकेट

माझं लग्न आईवडिलांनी ठरवलं, भटजींनी लावलं, पण ते झालं मामूंमुळे. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढे शिंगं आणि मटणाच्या गर्दीत उपकाराची गोष्ट राहून जायची. मामू माझे सख्खे कोणी नव्हेत. दापोलीकडच्या खाडीकाठचे ते, सौदीतल्या हाइलच्या बाहेर आमच्या कफीलच्या, म्हणजे अरब मालकाच्या, शेतावर स्वयंपाकी होते. आणि मी आठवीतून शाळा सोडलेला, तिथला वायरमन. पण एक गोष्ट कुठेही छातीठोकपणे सांगेन. टेकडीवर उभ्या असलेल्या जिवंत मेंढ्याकडे बघून ज्याला थेट त्याच्या मानेचा रस्सा दिसतो, असा माणूस अख्ख्या अरबस्तानात दुसरा झाला नाही.

आमच्या कफीलला मेंढ्यांचा नाद होता. गव्हाचा कंटाळा आला तेव्हा त्याने शेतामागची टेकडी कुंपणात घेतली आणि कुठकुठल्या देशांतून जंगली एडके आणून सोडले. कुणाची शिंगं वळत वळत पुन्हा गालाला टेकलेली, कुणाची दाढी हनुवटीपासून गुडघ्यापर्यंत लोंबती. हिवाळ्यात गुरुवारी दुपारी पाहुणे यायचे, बंदुका निघायच्या, आणि मागच्या पिकअपमध्ये भांडी, मामू आणि गाडी चालवायला मी. ऊन उतरलं की तांबूस वाळूवर सावल्या लांबत जायच्या आणि टेकडीच्या कडेला ते एडके असे उभे राहायचे, की कुणी आभाळावर कोळशाने काढून ठेवलेत. माझा जीव उगाच गलबलायचा. मामू दुर्बीण लावून शांतपणे म्हणायचे, "डावीकडचा बघ, वायरमन. मांडीला कांदा-खोबऱ्याचं वाटण, बरगड्यांचं सुकं, आणि मान मंद आचेवर, घाई नाही करायची." मग डोळे मिटून वास घ्यायचे. खरं सांगतो, मलाही यायचा तो.

शिकारी बघणार डोकं आणि मामू बघणार मांडी, त्यामुळे दर गुरुवारी भांडण ठरलेलं. पाहुण्यांना थोरली शिंगं हवी असायची, भिंतीवर लावायला. मामू मागून ओरडायचे, "अहो तो म्हातारा आहे, त्याला राहू द्या! तो पलीकडचा कवळा घ्या!" हे सगळं मराठीत. मामूंनी इतक्या वर्षांत अरबी बोलायचं मनावरच घेतलं नव्हतं. ते कफीलशी मराठीत बोलायचे, कफील त्यांच्याशी अरबीत, आणि दोघांचं कधी अडलेलं मी पाहिलं नाही. गोळी लागली की मात्र एवढे देहाने जड मामू सुरी घेऊन वाळूतून असे पळायचे, की मेंढा पडायच्या आत पोचतात की काय वाटावं. बिस्मिल्ला म्हणून सुरी फिरवायची आणि लगेच डब्यातलं वाटण काढायचं. तो डबा ते शिकारीला कायम बरोबर न्यायचे. म्हणायचे, "मटण गरम आहे तोवर मसाला त्याच्याशी बोलतो. मग बोलत नाही."

आणि त्यांची ती पपई! पाण्याच्या टाकीच्या आडोशाला मामूंनी घरून आणलेलं बी रुजवलं होतं. हाइलची थंडी अशी की पहाटे बादलीत बर्फाचा पापुद्रा धरावा. तिथे पपई जगणारच नाही, असं शेतावरचे सगळे म्हणाले. मामूंनी कफीलने दिलेलं आपलं ब्लँकेट झाडाला गुंडाळलं, वरून सुतळीने बांधलं, आणि स्वतः अंगात दोन कोट चढवून कुडकुडत झोपू लागले. सकाळी ब्लँकेट सोडायचं, संध्याकाळी बांधायचं. दुसऱ्या हिवाळ्यात झाडाला पपया लागल्या. सगळ्यांत मोठीला पिवळी रेघ आली का, ते मामू रोज बोट फिरवून बघायचे. "झाडावर पिकलेली खायची आहे रे," म्हणायचे. "आमच्या पडवीजवळ होती तशी. एकदाच."

त्याच हिवाळ्यात माझ्या लग्नाचं अडलं. मुलगी पसंत होती, सुपारी फुटली होती, पण मला सुट्टी मिळेना. फोनवर वडील म्हणाले, "सोयरे विचारतात, वैशाखापर्यंत येतोस का? नाही म्हणालास तर त्यांनी एसटीतला एक कंडक्टर बघून ठेवलाय." पासपोर्ट कफीलकडे. मी विचारायला गेलो की तो म्हणायचा, "बुकरा." बुकरा म्हणजे उद्या. त्या उद्याच्या भरवशावर महिने गेले. मला जेवण जाईना. डोळे मिटले की कंडक्टर दिसायचा, खांद्याला तिकिटांची पेटी आणि डोक्याला मुंडावळ्या.

मामूंना सांगितलं तेव्हा ते कांदा चिरत होते. "उपाशी माणसाकडे काही मागू नये," ते म्हणाले, "आणि जेवणाऱ्याकडे तर नाहीच. हात धुतले, चहाचा पेला ओठाला लागला, की मागायचं. तुझं मी मागतो. चांगलं जेवण होऊ दे एकदा."

ते जेवण आलं, पण कसं आलं! रियाधहून कफीलचे थोरले मेहुणे आले, घरातले सर्वांत मानाचे. वय झालेलं, कवळी सैल, बोलताना ती जिभेने जागेवर बसवायचे. शिकारीची हौस मात्र दांडगी. त्यांनी टेकडीवरचा सगळ्यांत जुना, सगळ्यांत थोर शिंगांचा एडका पाडला. आणि रीत अशी, की ज्याने पाडला त्याने त्याच संध्याकाळी त्यातलं पहिलं खायचं. मामूंनी मांडी अंगठ्याने दाबली आणि मटकन खाली बसले.

"हा एडका नाही रे, वायरमन. हा ट्रकचा टायर आहे."

"मग आता?"

"आता काय! म्हाताऱ्याची कवळी ह्यात अडकली, तर कफीलचं नाक गेलं आणि तुझी नवरी गेली एसटीने."

तिकडून कफील घाई करत ओरडला, "यल्ला, मामू!" सूर्य टेकत आला होता. मामू उठले आणि सुरी घेऊन टाकीकडे चालू लागले. ते काय करणार हे माझ्या ध्यानात आलं आणि मी मागे धावलो.

"मामू, नको! निदान मोठी तरी ठेवा."

"एवढ्या टायराला दोन पपयांनी काय होतंय? धर खाली."

त्यांनी एकेक हिरवी पपई कापून माझ्या हातात दिली. निबर मटणही मऊ करणारा तो पांढरा चीक देठातून माझ्या मनगटावर ओघळत होता. सगळ्यांत मोठीवरून त्यांनी सवयीने एकदा बोट फिरवलं, आणि तीही कापली. मग सालीसकट किसून तो कीस त्यांनी मटणाला असा चोळला, जसं आजारी माणसाला तेल लावावं. मधूनमधून अंगठ्याने दाबून बघायचे आणि तोंडाने पुटपुटायचे. दुआ की शिव्या, ते कळलं नाही.

जेवणाच्या वेळी आम्ही दोघे दाराआड उभे होतो. कब्शाच्या, म्हणजे मटण-भाताच्या, थाळ्यातून म्हाताऱ्याने दोन बोटांनी मटण धरलं, आणि ते हाडावरून आपसूक सुटून आलं. त्याने तोंडात घातलं. मी भिंतीला नख रुतवून होतो. मग त्याने पुन्हा हात घातला, पुन्हा घातला, आणि आपल्या एडक्याच्या कोवळेपणाची स्वतःच वाहवा करू लागला. कफील मनमुराद हसला.

चहा घेऊन मामू आत गेले. पेले ओठाला लागेपर्यंत थांबले आणि मराठीत म्हणाले, "शेख, ह्या पोराला सोडा. लगीन आहे त्याचं." आणि ट्रे काखेत मारून त्यावर लग्नातला ढोल वाजवून दाखवला. म्हातारा कवळी सावरत हसला, माझ्याकडे बघून कफीलला काहीतरी म्हणाला. मानाच्या पाहुण्याचा शब्द. कफीलने हात झटकला, "खलास. जाऊ दे त्याला."

मी मामूंचे पाय धरायला गेलो तर ते बाहेर टाकीपाशी, रिकाम्या झाडाला ब्लँकेट बांधत होते.

"मामू, आता कशाला?"

"फळं गेली म्हणून झाडाला थंडी वाजत नाही काय? सुतळी दे इकडे."

वैशाखात माझं लग्न झालं. परत गेलो तर कफीलचा नाद ओसरला होता. मेंढे विकलेले, टेकडी मोकळी, आणि मामू कायमचे घरी गेलेले. माझ्या खाटेवर ते ब्लँकेट घडी घालून ठेवलं होतं, चिकाच्या डागांसकट. झाड होतं. पुढचा हिवाळाभर मी त्याला गुंडाळत राहिलो, पण मामूंसारखी गाठ मला बसत नाही. एका पहाटे ते काळं पडलं.

आता मी सौदीतच, अबकैकला असतो. गावी विहिरीजवळ बायकोने पपई लावली आहे. परवा फोनवर म्हणाली, "मोठीला पिवळी रेघ आलीय, काढू का?" मी म्हटलं, "ह्या वर्षीची तुम्ही खा. पण मी सुट्टीवर येईन तेव्हाची एक झाडावरच राहू दे." मामूंच्या गावाचं नाव मला पाठ आहे. एक दिवस ती पपई मांडीवर घेऊन मी खाडीच्या होडीत बसेन, बरोबर बायको असेल, आणि मामूंच्या पडवीत सुरी त्यांच्याच हातात देईन.