सावद्याची आखाजी, धुळ्याची एसटी आणि एक न झालेली सही

वैशाखात खानदेशात कोण जातं? त्या वर्षी हा प्रश्न मला घरातल्या झाडून सगळ्यांनी विचारला. नवरा म्हणाला, "भाजून निघशील." सासूबाई म्हणाल्या, "कांदा ठेव पिशवीत." मी म्हटलं, जाते म्हणजे जाते. कांदाही घेतला, उगाच वाद कशाला.

गोष्ट नव्वदच्या दशकातली आहे. मी तेव्हा नाशिकला वकिली करत होते, आणि बायकांच्या वारसाहक्काचा कायदा साध्या मराठीत समजावणारं एक पुस्तक लिहून बसले होते. पुस्तकाची जागा कुठली हे प्रकाशकालाही ठरवता येत नव्हतं. प्रदर्शनात कधी ते इतिहासाच्या टेबलावर असायचं, कधी धर्माच्या पोथ्यांशेजारी. कायद्याच्या जाडजूड ग्रंथांमध्ये ठेवलं की दिसायचंच नाही. पण सावद्याच्या एका वाचनालयाच्या चिटणीसांना ते दिसलं, आणि त्यांनी कळवलं, "आखाजीला व्याख्यान ठेवतो. मुक्काम आमच्या घरी." धुळ्याच्या एका वाचनालयाचंही बोलावणं होतं, तेही लगोलग जोडून घेतलं. कुणाला खानदेश बघायचा असेल तर हाच फेरा धरा: नाशिकहून रेल्वेनं भुसावळ, तिथून सावदा, परत जळगाववरून धुळे आणि मालेगाव मार्गे नाशिक.

सकाळची गाडी पकडा, दुपारची नको. भुसावळला उतरले तेव्हा फलाटावरचा वारा तव्यावरून आल्यासारखा लागत होता. स्टँडवर उसाचा रस प्यायले आणि फैजपूरवरून जाणारी रावेर गाडी धरली. तापीचा पूल ओलांडला आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळी सुरू झाली. बागेला लागून गाडी गेली की खिडकीतून गार झुळूक यायची, बाग संपली की पुन्हा भट्टी. समोरून केळीचे ट्रक यायचे आणि आमचा ड्रायव्हर मुकाट्यानं कडेला व्हायचा. सावद्याच्या रस्त्यावर मान केळीच्या ट्रकाला, एसटीला नाही, एवढं ध्यानात ठेवा.

चिटणीस स्टँडवर हजर होते. सारं गाव त्यांना नाना म्हणायचं. चाळिशीचे, केळीचे बागायतदार, आणि वाचनाचं वेड म्हणजे केवढं! घरी पाय ठेवल्या ठेवल्या त्यांनी मला पाण्याआधी पुस्तकांचं कपाट दाखवलं. वरच्या फळीवर इतिहास, मधल्या फळीवर धर्म, आणि खालच्या, हाताशी येणाऱ्या फळीवर कायदा, सहकार, शेतीची सरकारी धोरणं. माझं पुस्तक तिथंच होतं, लाल पेन्सिलीनं खुणा करून करून रंगवलेलं. खोटं कशाला बोलू, मी फुगले. लेखकाला आणखी काय हवं असतं?

"आखाजीलाच का ठेवलंत व्याख्यान?" मी विचारलं.

"अहो, गावच्या बठ्ठ्या, झाडून सगळ्या लेकी त्या दिवशी माहेरी असतात," नाना म्हणाले. "हे त्यांनी नाही ऐकायचं तर कुणी?"

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आपली अक्षय्य तृतीया ती खानदेशातली आखाजी, आणि खानदेशात दिवाळी एकीकडे नि आखाजी एकीकडे. लेक माहेरी येते, पण अशी तशी येत नाही. माहेरचा माणूस तिला घ्यायला जातो, त्याला मुराळी म्हणतात. मुराळी आला नाही तर ती सासरी उंबऱ्याशी वाट बघत बसते, आणि सगळ्या गल्लीला कळतं की हिला कुणी न्यायला आलं नाही. नानांची थोरली बहीण, सिंधूअक्का, धुळ्याला दिलेली. नाना स्वतः मुराळी होऊन आदल्याच दिवशी तिला घेऊन आले होते. पन्नाशीला टेकलेली बाई, पण माहेरच्या अंगणात परकरी पोरीसारखी चालत होती. मला म्हणाली, "वकीलबाई, तुमच्याहून मी जाड आहे, आखाजीच्या झोक्यावर माझ्या मागं बसा." मला ती तिथंच आवडली.

आखाजीच्या सकाळी नाना आणि अक्कानं मिळून पाण्याची घागर भरली, वर खरबूज ठेवलं, आंबे ठेवले. ही घागर घरातल्या गेलेल्या माणसांसाठी. नानांचे वडील वर्षाच्या आतच गेले होते, त्यांची ही पहिली घागर. अक्का घागरीसमोर हात जोडून बराच वेळ उभी राहिली.

मग जेवण. पालथ्या खापरावर भाजलेली, ताटाएवढी पुरणपोळी आणि वाटी नाही, तांब्याभर आमरस. (भरीत मागू नका. भरताची वांगी हिवाळ्यात, वैशाखात मागितलंत तर वाढणारा हसेल.) नानांच्या बायकोनं, म्हणजे वहिनींनी, मला दुसरी पोळी वाढली, आणि नाना अगदी आनंदानं म्हणाले,

"उद्या सकाळी रावेरला नोंदणी कचेरीत चला आमच्याबरोबर. तुमच्याच पुस्तकाचं काम आहे."

"कसलं?"

"अक्काची हक्कसोड. आमच्यात हे आजवर तोंडीच चालायचं. बहीण म्हणाली, सोडलं, की झालं. पण तुम्ही लिहिलंय ना, सही हवी, नोंदणी हवी, नाहीतर पुढं भानगड होते? तुमच्या पुस्तकाबरहुकूम सगळं कायदेशीर करतोय बघा!"

पोळीचा घास तोंडातच राहिला. कप्पाळ माझं! वडील गेले की जमिनीत मुलीचाही वाटा असतो, लग्न झालेली असो की नसो, हे सांगायला मी आख्खं पुस्तक लिहिलं. तो वाटा भावाच्या नावे सोडून देण्याचा कागद म्हणजे हक्कसोड, तेव्हा बायांनो सही करताना शंभर वेळा विचार करा, म्हणून मी त्यावर एक प्रकरण घातलं. आणि या भल्या माणसानं तेच प्रकरण स्वयंपाकाच्या पुस्तकासारखं वापरलं होतं. त्यात लबाडी तसूभर नव्हती. मी लिहिलेल्या बहिणी जगातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी होत्या, त्यांची अक्का म्हणजे अक्का.

मी अक्काकडे पाहिलं. ती खाली मान घालून रसात पोळी बुडवत होती.

"अक्का, तुम्हाला करायची आहे सही?" मी विचारलं. पाहुणीनं विचारायचं नसतं, पण मी विचारलं.

"नाना म्हणे तसं," ती म्हणाली. वहिनींनी भज्यांचं ताट उगाचच पुढं सरकवलं.

दुपारभर मी पलंगावर पडून तळमळत होते. यजमानाचं मीठ खाल्लंय, संध्याकाळी त्यालाच अध्यक्षाच्या खुर्चीत बसवून हे बोलायचं? मनात आलं, आज स्त्रीधनाचा इतिहास सांगावा, पुराणातले दोन दाखले द्यावेत, टाळ्या घ्याव्यात आणि धुळं गाठावं. मग स्वतःचाच राग आला. तेवढ्यासाठी नाशिकहून भाजत कशाला आले?

ऊन कलल्यावर व्याख्यान झालं. पुरुष निम्मेच होते, कारण आखाजीला पत्ते खेळणं हा खानदेशात जवळजवळ धर्मच आहे आणि डाव सोडून कायदा ऐकायला कोण येतो! बायका मात्र दाटीवाटीनं बसल्या होत्या. मी काही गाळलं नाही. इतिहास सांगितला, धर्मग्रंथांत बायकांच्या धनाबद्दल काय आहे ते सांगितलं, कायदा सांगितला, आणि शेवटी म्हटलं, "सही करायची तर खुशाल करा, पण आपण काय सोडतोय ते मोजून मग करा. भाऊ रागावेल म्हणून करू नका." नाना खुर्चीत ताठ बसून होते. "काही प्रश्न?" म्हटल्यावर एकही हात वर झाला नाही.

सभेत नसतात हो हात वर होत. खानदेशातल्या बायांची सभा वेगळीकडे भरते. वाचनालयातून उठून साऱ्याजणी थेट समोरच्या निंबाच्या झोक्याकडे गेल्या. आखाजीच्या झोक्यावर लेकीनं कुणालाही टोचून बोलून घ्यावं, सासूला, नवऱ्याला, भावाला, आणि कुणी रागवायचं नाही असा रिवाज आहे. सिंधूअक्का झोक्यावर चढली, मला मागं बसवलं, दोर धरला आणि जागच्या जागी जोडून गायला लागली,

"भाऊ माझा वाचे बुकं, वाचे रोज रातभर,
बहिनीच्या वाट्याचं पान आलं, डुलकी लागे घडीभर!"

काय हशा उसळला! बायकांनी ते उचललं, पुन्हा म्हटलं, पुन्हा म्हटलं. नाना वाचनालयाच्या पायरीवर कुलूप हातात घेऊन उभे. हसावं की काय करावं ते त्यांना कळेना. झोका उंच जात होता आणि मला इतका आनंद झाला होता की सांगता सोय नाही.

सकाळी मात्र आनंद उतरला. नाना कपडे करून तयार, आणि अक्का ओट्यावर आंबे पुसत बसलेली.

"चाल ना अक्का, उशीर व्हते."

"मी नही येत. मी सही नही करत, नाना."

"गाण्यातलं गाण्यात राहू दे."

"गाण्यात नही. बाप दोघांचा व्हता. घागर दोघांनी भरली."

नानांनी पायात चपला सरकवल्या. मग म्हणाले, "मुराळी मीच आलतो ना तुले घ्यायले? पुढच्या आखाजीले कोन येईन, ते पाह्यजो." आणि मळ्यात निघून गेले.

अक्काचा चेहरा पांढरा पडला. जमीन, कायदा, वाटा हे सगळं एका बाजूला आणि धुळ्याच्या उंबऱ्याशी वाट बघत बसणं दुसऱ्या बाजूला. तिनं काय पणाला लावलं ते मला तेव्हा कळलं, माझ्या पुस्तकात त्यावर एक ओळ नव्हती.

अक्का माझ्याच एसटीनं निघाली, ठरल्यापेक्षा दोन दिवस आधी. स्टँडवर नाना आले नाहीत. वहिनी धावत आल्या, आंब्यांची पिशवी खिडकीतून आत ढकलली आणि म्हणाल्या, "माझं नाव नका सांगू." जळगावला गाडी बदलली. पुढं एरंडोल, पारोळा, रस्ता बरा, पण झाडी विरळ होत जाते आणि ऊन अंगावर येतं. अक्का पारोळ्यापर्यंत पदरात तोंड घालून रडली. मी म्हटलं, "अक्का, अजूनही परत जाता येईल." तिनं डोळे पुसले, पिशवीतला एक आंबा चोळून मऊ करून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "गप चोखा वकीलबाई. रडते म्हणजे चुकली असं नसतं."

धुळ्यात स्टँडजवळच्या लॉजवर उतरले. स्वच्छ होतं, पंखा नुसता आवाज करायचा. शेवभाजी खा, पण पहिल्या घासाआधी पाणी भरून ठेवा, कानातून वाफा निघतात. संध्याकाळच्या व्याख्यानाला अक्का पहिल्या रांगेत येऊन बसली. तिथं मात्र प्रश्न आला. मागून एक म्हातारी उठली आणि अहिराणीत म्हणाली, "बाई, बठ्ठं खरं शे. पन भाऊनी तोंड फिरावं तं?"

मी पुस्तक उघडायला गेले. अक्काच उठली. "फिरवलं तं फिरवू दे, माय. आपन आपलं नही फिरवायचं." म्हातारी मान हलवून खाली बसली. पुस्तकाच्या सगळ्या प्रती त्या दिवशी खपल्या. श्रेय माझं नाही.

मालेगाववरून घरी आले. कांदा पिशवीत तसाच होता. सासूबाईंना आंबे दिले, नवऱ्याला वृत्तांत दिला, कामाला लागले. पण उंबऱ्याशी बसलेली अक्का काही डोळ्यांपुढून हलेना. पुस्तकाची पुढची आवृत्ती निघाली तेव्हा हक्कसोडीच्या प्रकरणात मी मुराळीवर दोन पानं वाढवली. माहेर तुटेल ही भीती कायद्याला दिसत नाही, पण लिहिणाऱ्याला दिसायला हवी. सावद्याहून मला पुन्हा कधी बोलावणं आलं नाही, आणि त्याचं मला नवलही वाटलं नाही.

पुढच्या वर्षी आखाजी झाली आणि दोन दिवसांनी फोन वाजला. एसटीडी बूथवरून अक्का ओरडत होती.

"वकीलबाई, आखाजी करून आली!"

"नाना आले होते न्यायला?"

"कोनी नही आलं. आखाजीच्या सकाळपर्यंत वाट पाहिली. मग म्हटलं, बापामागं वारस म्हणून सातबाऱ्यावर आपलं नाव लागलंय, मुराळी कशाले पाह्यजे? एसटी धरली, सरळ वावरात उतरली, विहिरीजवळच्या निंबाले झोका बांधला. वहिनी आली, तिच्या दोन्ही पोरी आल्या, मग गल्लीतल्या सगळ्या आल्या."

"आणि नाना?"

"दिवस कलता आला. बांधावर उभा. म्हणे, मुराळी नसताना कशी आली? मी म्हटलं, मुराळी पाहुणीले लागतो नाना, मी घरी आली."

"मग?"

"मग काय! बांधावरून खाली उतरला. मग म्हणे, चाल, घरी रस काळा पडून राहिला."