उलट्या तोंडाची छत्री

आमच्या हडपसरच्या सोसायटीच्या गच्चीवर टीव्हीच्या सगळ्या छत्र्या आग्नेयेकडे तोंड करून बसलेल्या. माझी एकटीचीच पश्चिमेला. भंगारातून आणलेली, जुनी टीव्हीचीच छत्री, पण मला टीव्ही बघायचा नव्हता. तिकडे आफ्रिकेच्या वर एक उपग्रह जागचा हलत नाही. त्याच्यामार्फत देशोदेशीचे हौशी रेडिओवाले गप्पा मारतात. ते बोलणं मायक्रोवेव्हवर खाली येतं. छत्रीनं झेलायचं, लॅपटॉपवर ऐकायचं, एवढंच. आठवडाभर खराडीच्या ऑफिसात हेडफोन लावून दुसऱ्यांच्या मीटिंगा ऐकणाऱ्या बाईनं सुट्टीला आपल्या मर्जीचं काही ऐकलं, तर कुणाच्या पोटात दुखायचं कारण नव्हतं.

दुखलंच. एका शनिवारी लॅपटॉप उघडला तर नुसती खरखर. गच्चीवर जाऊन बघते, तर माझी छत्री बाकीच्यांसारखीच आग्नेयेकडे तोंड करून, शहाण्या मुलीसारखी. आमच्या सेक्रेटरीकाकांनी केबलवाल्याकडून ‘सरळ’ करून घेतली होती. वर मलाच म्हणाले, "मॅडम, चुकीची बसली होती. आभार नकोत."

"मानतच नाहीये, काका."

डोकं असं सणकलं माझं. पाना घेतला आणि पुन्हा फिरवली. जरा इकडेतिकडे झालं तरी आवाज जातो, त्यामुळे केसभर सरकव, लॅपटॉपकडे बघ, यात सकाळ उन्हात गेली. शेवटी कुणी परदेशी म्हातारा आपल्या गावच्या हवेबद्दल बोलताना ऐकू आला, तेव्हा जीव भांड्यात पडला. मग मी पाटी लावली: ‘छत्री चुकलेली नाही. फिरवू नये. आपण फिरवल्यास आम्हीही फिरवू.’

पाटी काकांना झोंबली. सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्यांनी विषयच घेतला: टीव्हीची नसलेली छत्री रविवारपर्यंत उतरवा. माझ्या घराला पश्चिमेची बाल्कनी नाही. छत्री उतरली की माझं ऐकणं संपलं.

"बाकीच्या बघा, कशा एका दिशेला आहेत," काका म्हणाले. "आणि तुमच्या छत्रीचा उपयोग काय?"

"काही नाही. मला आवडतं. पण काका, त्या बाकीच्यांतली चालू कुठली, तेवढं सांगा."

सगळ्यांचे टीव्ही केव्हाच इंटरनेटवर गेलेत. गच्चीवर तुटक्या वायरी लोंबतायत.

"तुमची चालू आहे?" मी काकांना विचारलं.

"बंद आहे," ते म्हणाले.

"मग आधी मेलेल्या उतरवा. जिवंत शेवटी."

रविवारी गच्चीवर कुणीच आलं नाही. मी गेले, आणि लॅपटॉपचा आवाज मुद्दाम मोठा ठेवला.