एका खाटेपाशी

उल्हासनगरच्या सिंधी निर्वासितांच्या छावणीत, लष्कराच्या जुन्या बराकीत इस्पितळ थाटलं होतं. बदलापूरची कुमुदिनी प्रधान तिथे नर्स होती. तिच्या आईच्या आजारपणात घर पाहुण्यांनी भरलेलं, पण आईपाशी टेकायला कुणाला सवड नव्हती. लहानग्या कुमुदिनीच्या मनात ते घर करून राहिलं. म्हणून ती रोग्याजवळ बसली की बसली. मागून कुणी कितीही हाका मारो, मान वळवायची नाही.

"वॉर्ड भरलाय, आणि तू एकीला धरून बसतेस!" मेट्रन कुंदाबाई कडाडायच्या.

टायफॉइडची साथ आली. जवळच्या जांभूळ गावच्या गोजरबाईला बैलगाडीतून आणलं, तेव्हा तिच्या आतड्यातून रक्त जात होतं. डॉक्टरांनी आशा सोडली. नेमके त्याच दुपारी कुणी बडे साहेब पाहणीला येणार होते. चादरी बदलून झाल्या, बादल्या लपवल्या, आणि सगळ्या नर्सना स्वागतासाठी फाटकाशी बोलावलं. कुमुदिनी उठणार, तोच गोजरबाईनं तिचं मनगट धरलं.

"बाय, मना सोरून जाव नको गो."

"नाही जात. पोरांची नावं सांग बघू."

गोजरबाई एकेक नाव आठवून सांगू लागली. मधेच पलीकडे काहीतरी धपकन पडलं. कुणीतरी बघेल, असं कुमुदिनीला वाटलं. पण बघायला वॉर्डात दुसरं होतं कोण? धाकट्याचं नाव ओठांवर असतानाच गोजरबाई गेली. तिचे डोळे मिटून कुमुदिनी उठली.

पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा टेकचंद जमिनीवर पडला होता. तो बरा झाला होता, उद्या घरी जायचा होता. पाण्याचा तांब्या घ्यायला वाकला आणि खाटेच्या लोखंडी पायावर डोकं आपटलं. संध्याकाळी तो गेला.

त्याची मुलगी धावत आली. "बहनजी, आप यहीं थीं ना?"

"हां," कुमुदिनी म्हणाली. दुसरं काय सांगणार?

कुंदाबाईंनी स्वतः टेकचंदच्या खाटेवरची चादर काढली. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढं कुमुदिनीनं बरीच वर्षं नोकरी केली. रोग्यापाशी बसायची, हात हातात घ्यायची. पण कान सगळ्या वॉर्डभर फिरत असायचे. कुठं भांडं वाजलं तरी दचकायची.

"सिस्टर, ऐकताय ना?" एखादी विचारायची.

"हो, हो, बोल," ती म्हणायची. पण त्या बाईचं बोलणं तिच्यापर्यंत पोचलेलंच नसायचं.