वेलदोड्याचा बन

स्वीडनमधल्या आमच्या हालविक गावच्या कामगार सभागृहातला सिनेमा गेली तीस वर्षं सिव नॉरलिंग चालवते. तिकिटं तीच फाडते, कॉफी तीच करते आणि पोरांनी खुर्च्यांखाली चिकटवलेलं च्युइंगमही तीच खरवडते, तोंडानं शिव्या घालत. पण एक सिनेमा तिनं कधी लावला नव्हता. ज्यात ती स्वतः होती, तो.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात स्टॉकहोमची सिनेमावाली माणसं आली, शाळेतल्या सगळ्या पोरींना रांगेत उभं केलं आणि गोऱ्यागोमट्या सोडून नेमक्या दोघी उचलल्या, ज्यांना वर्गात कुणी खेळायला घेत नव्हतं. एक सिव, तोतरी. दुसरी आइला, कागदगिरणीत कामाला आलेल्या एका फिनलंडवाल्याची पोर. सिनेमाची गोष्टही तीच होती: कुणालाच नको असलेल्या दोन मुली नदीकाठच्या मोडक्या होडीत घर मांडतात. दोघींना सोंग असं करावंच लागलं नाही.

"तू एक वाक्य बोलेपर्यंत माझ्या दोन वेण्या घालून होतात," आइला म्हणायची.

"आणि त-तुझं स्वीडिश ऐकून ग-गाई आटतात!"

मग दोघी पोट धरून हसायच्या. सिवला जन्मात पहिल्यांदा मैत्रीण मिळाली होती.

शूटिंग संपलं, शाळा सुरू झाली. आइला रोज शाळेतून थेट सिवच्या घरी यायची. पाच वाजले की स्वयंपाकघरातून आईची हाक यायची, "सिव, जेवायला!" सिव उठायची आणि आइला तिच्या खोलीत थांबायची. आमच्याकडे रीतच होती तशी. पाहुण्या पोराच्या घरी त्याच्या आईनं रांधलेलं असणार, ते आपण का वाया घालवायचं? यात कुणाला काही वाटायचं नाही. मीही अशा कितीतरी खोल्यांत बसून दुसऱ्यांच्या काट्याचमच्यांचे आवाज ऐकलेत.

एकदा सिवनं विचारलं होतं, "आइलाला ब-बोलावू का?"

"नको," बाप म्हणाला. "तिची आई म्हणेल, आमची पोर काय उपाशी आहे? लोकांची झाकली मूठ आपण कशाला उघडा?" माणूस वाईट नव्हता हो तो. रीतीचा पक्का होता, एवढंच.

जेवून सिव खोलीत परत आली की आइला विचारायची, "आज काय होतं?"

"ब-बटाटे. आणि खिम्याचे गोळे."

"किती खाल्लेस?"

"स-सात."

"सात," आइला म्हणायची आणि पुन्हा चित्र काढायला लागायची.

आइलाची आई वसंतातच फिनलंडला निघून गेली होती. बाप पगार झाला की तीन-तीन दिवस बाटलीत बुडालेला. घरी चार वर्षांची धाकटी बहीण, तुइजा, एकटी. हे सगळं गावाला कळलं ते डिसेंबरात, तुइजा न्यूमोनियानं गेली तेव्हा. पोरीच्या अंगात झुंजायला काही उरलंच नव्हतं, असं डॉक्टर म्हणाला. आठवडाभरात आइलाला दक्षिणेत कुणाच्या तरी घरी ठेवायला नेलं. सिवनं सहा पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर आलं नाही.

गावानं कानावर हात ठेवले. "आम्हाला काय ठाऊक? पोरगी कधी काही बोललीच नाही." सिवही तेच म्हणत आली. फेब्रुवारीत सिनेमाचा पहिला खेळ झाला तेव्हा ती ताप आल्याचं सांगून गोधडीत पडून राहिली. पुढे तिचं तोतरेपण गेलं, लग्न झालं, मोडलं, आईबाप गेले. पण ते एक वाक्य तिनं जिवापाड सांभाळलं. "मला ठाऊक नव्हतं."

यंदा शरदाच्या सुट्टीत वाचनालयातली मालिन हातात त्या सिनेमाची नवी, स्वच्छ केलेली प्रत घेऊन आली. "लाव ना गं सिव! आपल्या गावचा सिनेमा, आणि आपल्या गावची पोरं टीव्हीवर काहीबाही बघतात!"

सिवनं दोन दिवस टाळलं. आइलाचं तोंड एकदा बघावं म्हणून जीव तुटत होता, आणि त्या तोंडावर भूक दिसली तर, म्हणून ती प्रत पुन्हा खणात ठेवून देत होती. शेवटी लावला. चाळीसेक पोरं आली. सिव मागच्या रांगेत बसली.

आइला पडद्यावर आली आणि सिवचे डोळे भरून आले. काय खट्याळ हसायची! गाल लालबुंद, पोरं खिदळतायत. बघ, सिवनं स्वतःला सांगितलं, चांगली धडधाकट तर दिसते. कुणाला कळणार होतं?

मग होडीतलं दृश्य आलं. दोघी एक वेलदोड्याचा बन अर्धा अर्धा वाटून खातात. ते नऊ वेळा करावं लागलं होतं आणि दर वेळी आइलाचे हात रिकामे बघून शूटिंगवरची स्वयंपाकीण म्हणाली होती, "हिच्या पोटात लांडगा आहे की काय!"

"ए, तिनं खाल्ला नाही!" पुढच्या रांगेतून एक मुलगी ओरडली. "खिशात टाकला!"

खरंच होतं. आइलानं एक घास तोडला आणि उरलेला बन हळूच झग्याच्या खिशात सरकवला. तिच्या शेजारी अकरा वर्षांची सिव बसली होती. नदीकडे बघ, असं तिला सांगितलेलं होतं. ती नदीकडे बघत नव्हती. ती त्या खिशाकडे बघत होती, चांगली टक लावून. मग तिनं मान वळवली आणि आपला अर्धा बन सगळा खाऊन टाकला.

दिवे लागले. पोरं जाकिटं चढवून बाहेर पळाली. ती मुलगी मात्र सिवपाशी येऊन उभी राहिली.

"सिव, त्या मुलीनं बन कुणासाठी ठेवला होता?"

सिवनं तोंड उघडलं. चाळीस वर्षांपूर्वी गेलेलं तोतरेपण घशात येऊन बसलं होतं.

"त-त-तुइजासाठी," ती म्हणाली. "म-मला ठाऊक होतं."